भांडवलशाही, समाजवाद आणि कांड्या

चिपळूणहून एस.टी.ने मिरज गाठले आणि कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसले, तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, आमसुलांचा पुडा आणि शाळेचे नागरिकशास्त्राचे पुस्तक होते. त्यातला भांडवलशाही आणि समाजवादाचा धडा मी सहा वर्षे शिकवत होते. पण गिरणी म्हणून आजवर फक्त पिठाची पाहिली होती. आमच्या शाळेतल्या पद्माबाई सोलापूरच्या. त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या सुटीत माझ्या बहिणीकडे जाऊन या. तुमचा सगळा धडा एका घरात सापडेल."

सांगोल्याच्या आसपास खिडकीबाहेर उघडे माळ आणि मेंढ्यांचे कळप दिसू लागले. दुष्काळ संपून दोन वर्षे होत आली होती, तरी रुळालगत दुष्काळी कामांवरच्या खडीचे ढीग तसेच पडून होते. शेजारची बाई म्हणाली, "ती खडी आमीच फोडलीय की." कोकणातल्या मला इतके मोठे आभाळ बघायची सवय नव्हती. कुर्डुवाडीला गाडी बदलताना मी चुकून पुण्याच्या गाडीत चढले. एका हमालाने पिशवीसकट खाली उतरवले म्हणून त्याच दिवशी सोलापूर दिसले.

पद्माबाईंची बहीण अनसूयाताई पूर्व भागात, विणकरांच्या गल्लीत राहत. हे तेलुगू बोलणारे लोक, कित्येक पिढ्यांपासून सोलापूरचे. घरात पुढच्या खोलीत दोन हातमाग खड्ड्यात बसवलेले आणि मागे स्वयंपाकघर. अनसूयाताईंनी आल्या आल्या कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि चारू (चिंचेचे सार) वाढले. भाकरी पापडासारखी मोडत होती. मी ती चारूत बुडवून खाल्ली, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलाव की."

त्यांचे यजमान अंबादास सूतगिरणीत कामाला होते. पहाटे भोंगा वाजला की सायकल काढून निघायचे. ते कामगार संघटनेचे कार्यकर्ते. गिरण्या कामगारांच्या ताब्यात आल्या पाहिजेत, निदान सरकारने तरी घेतल्या पाहिजेत, असे त्यांचे ठाम मत. धाकटा भाऊ नरसय्या घरी माग चालवायचा आणि गल्लीतल्या विणकर सोसायटीचा सभासद होता. सोसायटी सूत द्यायची आणि चादरी घ्यायची. त्याला मात्र सोसायटी सोडून एका व्यापाऱ्याकडून सूत आणि यंत्रमाग घ्यायचा होता.

पहिल्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून दोघांना प्रश्न विचारत सुटले. नरसय्या म्हणाला, आपला माग, आपली मर्जी, कुणाच्या ठरावाची वाट बघायला नको. अंबादास शांतपणे म्हणाले, "माग तुझा, सूत व्यापाऱ्याचं. मग मर्जी कुणाची?"

"आणि गिरणी सरकारी झाली तर भोंगा बंद होणार का, अन्ना?" नरसय्याने विचारले.

मी भराभर लिहून घेत होते. आत चरख्याचा आवाज अखंड चालू होता. अनसूयाताई कांड्या भरत होत्या, म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळत होत्या. कांडी संपली की माग थांबतो. म्हणून स्वयंपाक आणि धुणे यांमधून वेळ काढून त्या दिवसभर चरख्यापाशी असत.

रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. मी हट्ट करून अंबादासांबरोबर गेले आणि अजाणता चेअरमनच्या खुर्चीत बसले. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, तेव्हा मी उठले. विषय एकच होता. सोसायटीने सगळ्यांसाठी मिळून यंत्रमागांची एक शेड उभारावी, की ज्याला हवे त्याने आपापला माग घ्यावा. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे. तासभर वाद चालला. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या बायकांमधून अनसूयाताई पुढे आल्या. मला वाटले, घरी काहीतरी झाले.

"शेड झाली तरी कांड्या आमीच भरणार, घरी माग आला तरी आमीच भरणार," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं भरायलेय. सोसायटीच्या वहीत माझं नाव लिवा, मग काय ते ठरवा."

चेअरमनने नियमांचे पुस्तक उघडले आणि सांगितले, सभासद विणकर असतो, कांड्या भरणे म्हणजे विणणे नव्हे. अनसूयाताई "बरं" म्हणाल्या आणि घरी गेल्या.

सोमवारी त्यांनी भाकऱ्या केल्या, पाणी भरले आणि चरख्याला हात लावला नाही. नरसय्या स्वतः बसला. त्याच्या हातून सूत तुटायचे, कांडी कधी सैल, कधी फुगीर, आणि मागावर जाताच गुंता व्हायचा. "वदिना (वहिनी), एवढी चादर तरी होऊ द्या," तो म्हणाला. त्या तांदूळ निवडत राहिल्या. दुपारी शेजारच्या दोन घरांतले चरखे थांबले. मंगळवारी सकाळी मी बाहेर आले तर अर्धी गल्ली मुकी होती. मला भीती वाटू लागली, कारण सभेला जायचा हट्ट माझा होता, मला बघायलाच बायका तिथे दारात जमल्या होत्या, आणि मी परकी.

अंबादास पाळी संपवून आले, तेव्हा त्यांनी विचारले, "किती दिवस चालणार हे?"

अनसूयाताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "गिरणीच्या गेटावर तुमी काय सांगता? मागणी मान्य होईपर्यंत. तेवढेच दिवस."

त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग उठून कोरा कागद घेतला आणि सभासद करून घेण्याचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला. नरसय्याने खाली साक्षीदाराची सही केली. तोपर्यंत मी शेजारून अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागून आणला. अनसूयाताईंनी तो बाजूला सारला, पेन घेतले आणि तेलुगूत, वळणदार गोल अक्षरात, पूर्ण नाव लिहिले. माझा चेहरा उतरला.

माग अडून चादरी थांबल्या, तेव्हा बुधवारी सोसायटीची पंच मंडळी जमली. त्यांनी नियमांचे पुस्तक न उघडता तो अर्ज आणि गल्लीतल्या आणखी बायकांचे अर्ज ठेवून घेतले आणि पुढच्या सभेत या सगळ्या मत देतील असे लिहून दिले. शेडचा प्रश्न तसाच राहिला. नरसय्याने यंत्रमागाचा विचार सोडला नव्हता आणि अंबादास त्याला रोजच्यासारखे टोकत होते. चरखे मात्र सुरू झाले.

निघताना अनसूयाताई टांग्यातून स्टेशनपर्यंत आल्या. टांगा हलत होता, आणि मला एकदम जाणवले की पाच दिवस मी त्या घरातल्या पुरुषांना, चेअरमनला, पानवाल्यालासुद्धा मत विचारले होते. जिच्या हातचे जेवले, तिला नाही. मी ओशाळून विचारले, "ताई, तुम्हाला काय पटतं? सरकारी गिरणी, सोसायटीची शेड की घरचा माग?"

त्यांनी पदर सावरला. "अजून कुणी विचारलंच नव्हतं, बाई. विचार करून सांगते."

परतीच्या वाटेवर मी माझ्या टिपणांची पाने चाळली. दोन्ही भावांचे म्हणणे शब्दाशब्दाने उतरवलेले होते. अनसूयाताईंच्या नावापुढे फक्त इतकेच लिहिले होते: स्वयंपाक उत्तम. ते मी खोडले आणि तिथे जागा कोरी सोडली.