मिस्त्रीचा पुराचा हॉर्न

आमच्या गल्लीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. तो माणसांकडं न बघता हातातल्या पान्याशीच बोलायचा, त्यामुळं मला त्याच्याशी बोलणं सोपं जायचं.

पुरात दुकानातल्या मोटारी बुडाल्या, तेव्हा त्यानं एक यंत्र केलं. नाल्यात तारेला बांधलेला रिकामा कॅन सोडला. पाणी चढून कॅन उचलला गेला, की दुकानावरचा स्कूटरचा हॉर्न वाजणार.

पहिल्यांदा तो कॅन म्हशीनं शिंगानं उचलला. अख्खी गल्ली गाद्या डोक्यावर घेऊन पळाली.

"मिस्त्री, म्हशीला पोहाय येतंय की," शेजारची आक्का म्हणाली.

"यंत्राला काय ठावं, कुणी उचललं," तो पान्याला म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात भर दुपारी हॉर्न वाजला. म्हैसच असेल म्हणून कुणी उठलं नाही. मग मिस्त्री दारोदार ओरडत फिरला. माझं घर ज्यावर चालायचं ते शिलाई मशीन त्यानं खांद्यावरून शाळेच्या माडीवर नेलं. तोवर त्याचं दुकान परत बुडालं.

माडीवर मी त्याला चहा दिला.

बशीत फुंकर मारत तो म्हणाला, "वैनी, खरं सांगा. हॉर्न येळेवर वाजला न्हवं?"