न वाळलेली ताडपत्री

"मानूस लाखाचा व्हता, पन चिलमीनं घात केला त्याचा," ओट्यावर बसलेल्या दोघांपैकी एक जण म्हणाला. दुसरा हसला. "आन् तेबी चोरून! घरच्या बाईलेबी पत्ता नाई." मी पायरीवर चपला काढत होते, ती तशीच थांबले. त्या दिवशी गणपतकाकांची तेरवी होती. ते गेल्याचं बाबांच्या कार्डावरून कळलं. कार्डभर माझ्या प्रकृतीची चौकशी आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावी तशी ओळ : ‘आपला नाववाला गणपत गेला. दोनच दिवस ताप होता.’ मी नागपूरहून निघाले, वाशीमला उतरले आणि बैलांच्या दमणीतून पैनगंगेच्या काठच्या या गावी आले. गणपतकाकांनी जन्मात चिलीम ओढली नव्हती, हे आता गावात एकट्या मलाच ठाऊक होतं. सात वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा तेव्हा तिथे ओव्हरसियर होते. मी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि उन्हाळ्यात घरी यायची. गावातल्या मुली माझ्या बोलण्याला हसत, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. दुपारी पुस्तक घेऊन नदीवर जायची, कारण तिथे गणपतकाका असत आणि ते काही विचारत नसत. सरकारी नाव त्यांच्या ताब्यात होती. पावसाळ्यात पूर आला की माणसं, टपाल, कधी एखादी अडलेली बाळंतीण ते पलीकडे नेत. उन्हाळ्यात मात्र नदी गुडघाभर. मग नाव काठावर निंबाखाली चढवून ठेवलेली असे आणि तिच्यावर जाड कापडाची ताडपत्री. आमच्याकडचं ऊन फळ्या तडकावतं, त्यासाठी ती. वर्षभरात तिच्यावर निंबाचा चीक, पाखरांची घाण, धूळ असं सगळं बसायचं. वैशाखात काका ती काढून नदीत धुवायचे.

पहिल्या वर्षी मी लांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिंदीचा कुंचा माझ्यासमोर टाकला. "काय इंग्रजीबाई, नुसतं पाहून राह्यली? घास." मी घासू लागले. साबण त्यांना चालत नसे; साबणानं कापडाचं जुनं तेल निघतं आणि मग पाणी आत शिरतं. रिठ्याचं पाणी, तेही कोमट. धुऊन झालं की उसवलेल्या जागा दाभणानं शिवायच्या, दोऱ्याला मेण लावून. त्यानंतर जवसाचं तेल. चुलीवर तापवून त्यात मेण विरघळवलं की त्याचा वास नदीपार जाई. ते चिंधीनं पातळ लावायचं. मी एकदा भरपूर ओतलं, तर म्हणाले, "बाई, हे कापड हाय, लोनचं नाई!" मी हसले. त्या सुट्टीत मी मोठ्यानं हसल्याचं दुसरं काही आठवत नाही.

तेल लावल्यावर मुख्य काम सुरू होई, ते म्हणजे काहीच न करण्याचं. दोन झाडांना दोर बांधून ताडपत्री पसरून टांगायची आणि वारा लागू द्यायचा. आठ दिवस, कधी दहा. रोज सकाळी काका चुलीतली चिमूटभर राख तिच्यावर टाकून फुंकर मारत. राख चिकटली तर अजून ओली. सगळी उडाली की मगच घडी. "तेलाच्या पोटात ऊब असते," ते म्हणत, "दाबलं का ते पेटते." मला ते म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातलं एक वाटलं. शाळेत आम्हाला असं कुणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांची होते. काका बहिणीकडच्या लग्नाला आसेगावला गेले. जाताना सांगून गेले, "ढग आले तं येऊ दे. भिजली तं भिजू दे. घडी घालू नको." त्याच दुपारी आभाळ भरून आलं, वावटळ सुटली, निंबाची पानं आणि माती त्या चिकट कापडावर बसू लागली. आमची इतक्या दिवसांची मेहनत डोळ्यांसमोर घाण होत होती. वसतिगृहात चादरीची घडी कशी घालायची ते मला पक्कं शिकवलं होतं... कोपऱ्याला कोपरा, मध्ये हवा राहू द्यायची नाही. मी दोर सोडले, घडी घातली, गुडघ्यानं दाबली आणि ओढत नेऊन नावेचं सामान ठेवायच्या टिनाच्या खोलीत ठेवली. पाऊस चार थेंबही पडला नाही. मला मात्र स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून धूर आला. लोकांनी दार उघडलं तेव्हा वरचा पदर धड होता आणि आत सगळा कोळसा. काका नुकतेच परतले होते. त्यांनी काठीनं तो गठ्ठा उलगडला, चौकोनी पडलेल्या घड्या पाहिल्या आणि मान वर करून गर्दीत मला शोधलं. बाबा ओरडत होते, "इथे विस्तव आणला कुणी?" त्या वर्षी मला शाळेतून काढायची बोलणी घरात चालली होती. मुलगी घुमी झाली, शिकून काय करणार, असं आजी रोज म्हणे. काका आमच्याकडे भाजी द्यायला येत, त्यांनी ते ऐकलेलं होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. काका म्हणाले, "माहीच चिलीम, साहेब. कालच्याले निघताना इथंच बसलो व्हतो."

"तू चिलीम ओढतोस?"

"चोरून ओढतो, साहेब."

लोक हसले. बाबांनी त्यांना नावेवरून काढलं. मी जूनमध्ये शाळेत परत गेले.

त्यांच्या जागी दुसरा नाववाला आला. काका लोकांच्या वावरात रोजानं जाऊ लागले. पोरंसोरं त्यांना ‘चोरचिलीम’ म्हणून हाक मारत आणि ते "हो रे बाप्पा" म्हणून पुढे जात. पुढच्या सुट्टीत एकदा ते पाराजवळ भेटले. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "काका, ती ताडपत्री..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "नवी चांगली निघाली म्हंते. तू शिकून राह्यली ना? मंग झालं." मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. दर वर्षी ठरवायची, या खेपेला बाबांना सांगायचं. दर वर्षी सुट्टी संपायची.

ओट्यावरचं ते बोलणं ऐकून मी आत गेले. सखूकाकू, गणपतकाकांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला त्यांनी जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. "तुह्यं लय नाव काढे तो. आमची इंग्रजीबाई म्हने." बाहेर पंगतीची पानं मांडत होते. "एक सांगू, माय?" त्या हळूच म्हणाल्या. "बाकी कायी नाई. पन इतके वर्ष संसार केला, आन् माह्यापासून चिलीम लपवली त्यानं. मी काय जीव घेतला असता त्याचा? नाव गेली तवापासून रोज धोतर धुताना वास घेऊन पाहे मी. कधीच नाई आला वास. म्हनलं, किती हुशारीनं लपवते हा मानूस... आन् काय काय लपवलं असन?"

ज्या माणसानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, त्यानं ते घरातही तसंच निभावलं होतं. त्याची झळ या बाईला लागत होती आणि मी नागपुरात पुस्तकं वाचत होते. बाहेरचे ते दोघे अजून बोलत होते. आतला शब्द बाहेर सहज ऐकू जाईल इतकं ते घर लहान होतं. बाबाही येऊन ओट्यावर बसले होते. सखूकाकूंचा हात माझ्या हातात होता. मी उभी राहिले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटेल इतका मोठा निघाला.

"काकू, त्यांनी कधीच चिलीम ओढली नाही. ओल्या ताडपत्रीची घडी मी घातली होती."