शुक्रवारी मांडलेला व्हिडिओ गेम

नव्या खोक्यातला थर्माकोल करकरला की बोईसरचं आमचं दुकान आठवतं, कारखान्यांच्या रांगेतलं. कारखान्यातून काढलेल्या दादाने नुकत्याच उघडलेल्या त्या दुकानात टीव्हीला जोडायचा नवा व्हिडिओ गेम विकायला आणला होता. "दिवाळीत सगळेच आणतील, आपण आदीच काडू. शुक्रवारी कामगारांना सुट्टी, तवाच. ह्यो खपला नाय तर माझं काय खरं नाय." शुक्रवारी गेमच्या खोक्याला हार घातला, गर्दी दाटली, दादाने बटण दाबलं. टीव्ही काळाच. त्याने वायर काढली, पुसली, पुन्हा खोचली. एक कामगार हसला, "अरे, शुक्रवारी इकडची लाईट बंद, म्हणून तर आमाला सुट्टी!" ती सुट्टी दादानेही वर्षानुवर्षं घेतली होती. माणसं पांगली, तरी तो बटण दाबतच राहिला. शेवटी मी त्याचा हात धरून बटणावरून काढला. आजही लाईट गेली की दादा आधी विचारतो, "आज वार कुठला रे?"