पुनवेची पोर

चंद्राशी माझं भांडण फार जुनं आहे. पाचवीत असताना, ऐन कोजागिरीला, आमच्या गच्चीवर मला पहिला झटका आला. आटवलेल्या दुधाचं पातेलं चांदण्यात ठेवलेलं, मी नवा फ्रॉक घालून पाटावर बसलेली, आई ओवाळायचं ताट घेऊन समोर, आणि मी पाटावरून थेट खाली. कोजागिरीला घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळायची आमच्याकडं रीत आहे आणि थोरली मी. पुढचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नाकाला कुणाचं तरी पायताण लावलेलं होतं. त्याचा वास मी अजून विसरलेले नाही.

डॉक्टरांनी फिट सांगितली आणि रोज रात्री एक गोळी लिहून दिली. पण गल्लीचं निदान त्याच्या आधीच झालं होतं. पुनवेला समुद्राला भरती येते, मग माणसाच्या डोक्याला का येणार नाही? पुनवेला येडी माणसं बिथरतात, अडलेल्या म्हशी वितात, जुनी दुखणी डोकं वर काढतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता, पण भरतीचं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी पुनवेची पोर ठरले.

मग गडहिंग्लजची आत्या मैदानात उतरली. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. दर पुनवेच्या आदल्या दिवशी एसटीनं यायची, पदराच्या गाठीला अंगारा बांधून. तिकडं सीमेवर राहिल्यानं तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं असायचं आणि पुनवेला ती हुण्णिवी म्हणायची. तो शब्द दारात ऐकू आला की मी आतल्या खोलीत पळायचे. कारण उद्या पुनव पाळायची. म्हणजे दिवसभर कडक उपवास, चंद्र दिसू नये म्हणून खिडकीला चादर आणि उजाडेपर्यंत जागरण. झोपलेल्या माणसाला चंद्र धरतो, असं आत्याचं म्हणणं. मी पेंगले की आई आणि ती आळीपाळीनं माझ्या डोळ्यांना गार पाणी लावायच्या.

एवढं करून पुष्कळदा सकाळी झटका यायचाच. आत्या म्हणायची, बघा, पाळून ही गत, पाळली नसती तर काय झालं असतं? पुढची पुनव आणखी कडक व्हायची.

कोजागिरीला तर मला गच्चीचा जिनाही बंद. चंद्राची नजर नको म्हणून ओवाळायला पाटावर धाकटा भाऊ बसायचा. वरून बायकांचं हसणं ऐकू यायचं आणि मी खाली चादरीआड. लोकांना वाटायचं मी रडत असेन. मी रडत नव्हते. मला राग यायचा, त्या पाटावर माझा हक्क होता म्हणून.

तो राग पायांत उतरला असावा. कारण खो-खोत मला धरणं कठीण होतं. शाळेच्या मैदानावर मी पळतीला उतरले की समोरच्या पोरी दमून शिव्या द्यायच्या. नववीत शाळेच्या संघात माझी निवड झाली. सामने हातकणंगल्याला. आणि दिवस कुठला, तर कोजागिरीचा. चंद्रानं डाव साधला होता.

घरात नाही म्हणून झालं. मी जेवण सोडलं. आईला वाटलं, डॉक्टरनंच नको म्हटलं की पोरगी गप बसेल, म्हणून ती मला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी झटके कधी येतात ते विचारलं. आईनं सांगितलं, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. मग बाईंनी विचारलं की पुनवेला तुम्ही काय करता? आईला हेच हवं होतं. आम्ही पाळण्यात कुठं कमी पडत नाही, हे तिनं अभिमानानं सांगायला सुरुवात केली. पोटात अन्नाचा कण नाही, डोळ्याला डोळा नाही.

"आणि रात्रीची गोळी?" बाईंनी विचारलं.

"कडक उपवास असतोय की," आई म्हणाली. "गोळी कशी चालंल?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी न रागावता, साध्या शब्दांत समजावलं. गोळी चुकली, झोप मोडली, पोट रिकामं राहिलं की हिला झटका येणार. ती पुनव असो की आवस. चंद्राला यातलं काही माहीत नाही. खेळू दे तिला, फक्त सरांना कल्पना देऊन ठेवा.

मी मनातल्या मनात नाचत होते. आईकडं पाहिलं आणि नाच थांबला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. रिक्षात ती माझा हात धरून बसली आणि घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही. मला तेव्हा तिची फार माया आली. तिनं जे केलं ते जिवाचं रान करून केलं होतं, माझ्याबरोबर स्वतःही उपाशी राहून.

कोजागिरीच्या आधीच्या पुनवेला आत्या नेमानं आली. आईनं तिला चहा दिला आणि सांगितलं, "वन्सं, आजपासनं पुनवेला ही जेवणार, गोळी खाणार आन झोपणार. चंद्राला काय म्हणायचं आसंल त्यानं मला येऊन म्हणावं."

आत्या फुगली. मी पोटभर जेवले, गोळी घेतली आणि झोपले. सकाळी डोळे उघडले तर दोघी दोन बाजूंना बसलेल्या, रात्रभर जाग्या, माझ्या तोंडाकडं बघत. मी चहा मागितला. आत्या उठली आणि तिनं आधण ठेवलं. पुढं मला एकदा नागपंचमीला झटका आला, तेव्हा आत्यानं पंचांग उघडून पाहिलं आणि मुकाट्यानं मिटलं.

कोजागिरीला मी हातकणंगल्याच्या मैदानावर होते. शेवटच्या डावात आमच्या दोघी पटापट बाद झाल्या आणि मी एकटी उरले. खांबाला वळसा घालावा, रांगेतनं आत शिरावं, हुलकावणी द्यावी, पुन्हा बाहेर. एकीचा हात वेणीला लागता लागता राहिला. शिट्टी वाजली तेव्हा मी उभीच होते. सामना आम्ही मारला होता. पोरींनी मला उचललं आणि मी घसा फुटेस्तोवर ओरडले. परतीच्या एसटीत आमचा आवाज काही थांबेना. मागच्या काचेतनं चंद्र दिसत होता, थेट घरापर्यंत मागं मागं आला. मी त्याला जीभ दाखवली.

घरी आले तर आई म्हणाली, हातपाय धू आणि वर ये. गच्चीवर दूध ठेवलेलं, पाट मांडलेला. सवयीनं भाऊ त्यावर बसला होता. मला बघून तो आपणच उठला आणि त्यानं पाट हातानं पुसला. मैदानाच्या मातीनं माखलेल्या कपड्यांतच मी बसले.

आमच्यात आधी चंद्राला ओवाळतात, मग लेकराला. आईनं निरांजन लावलं, ताट उचललं, आणि चंद्राकडं पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली.

"अगं, आधी चंद्र," आत्या म्हणाली.

"थांबू दे की त्याला," आई म्हणाली. "त्यो दर म्हैन्याला येतोय. माझी पोर किती वर्सांनी आलीया."

ताट माझ्याभोवती फिरत होतं आणि मी मान ताठ ठेवून बसले होते. आत्यानं माझ्या कपाळावरची माती पदरानं पुसली आणि कुंकवाला जागा करून दिली.

कोजागिरीला जो जागा राहतो त्याला लक्ष्मी पावते म्हणतात. त्या रात्री सगळी गल्ली जागी होती. मी पेला भरून दूध प्याले, गोळी घेतली, आणि तिथंच गच्चीवर, भर चांदण्यात, घोरत झोपले.