यार्डातला लाल ट्रॅक्टर आणि माझा उजवा पाय

आमच्या घरात ट्रॅक्टरमधलं सगळ्यात जास्त मला कळतं, असं मी पुरता एक आठवडा समजत होतो.

पनवेलच्या पुढे आम्ही सात गुंठ्यांचा प्लॉट घेतला. नेरूळच्या फ्लॅटमध्ये तुळस जगवताना ज्याची दमछाक होते, त्याने सात गुंठे घ्यावेत का, असं माझ्या बायकोने, वसुधाने, विचारलं होतं. (मला तेव्हा ऐकू आलं नाही.) वर्षभरात तिथे गवत असं माजलं, की मी मधोमध उभा राहिलो तर फक्त टोपी दिसायची!

फाटकासाठी पाइप बघायला मी कळंबोलीला गेलो, तर एका जुन्या लोखंडाच्या यार्डात सळयांच्या ढिगाशेजारी तो उभा होता. बागेतलं गवत कापायचा बुटका, लाल, परदेशी ट्रॅक्टर. वय माझ्याएवढं. रंगाची अवस्था माझ्या केसांसारखी, म्हणजे जागोजागी उडालेला. कुणा बंगलेवाल्याने हौसेने आणला असणार. मी जागच्या जागी विरघळलो.

मग आठवडाभर मोबाइलवर 'जुना ट्रॅक्टर कसा पारखावा' याचे व्हिडिओ. रविवारी वहीत बत्तीस मुद्दे लिहून मी निघालो. सोबत वसुधा आणि साताऱ्याहून आलेले माझे सासरे, आबा. आबांचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. पण ते आपले शेतातले, साधे ट्रॅक्टर.

"आबा, हे मशीन वेगळं असतं. तुम्ही फक्त बघा," मी प्रेमाने म्हणालो.

"बगतो की, जावईबापू," आबा म्हणाले आणि एका टायरवर बसले.

यार्डाचे मालक तिथल्याच गावचे. सगळे त्यांना शेठ म्हणत होते. मी वही उघडली. मुद्दा पहिला: इंजिन गार हवं. चालू व्हायला त्रास देणारं इंजिन विकणारे आधीच गरम करून ठेवतात. मी बॉनेटवर हात ठेवला. चटका!

"सापडलात, शेठ! गरम करून ठेवलंय!"

शेठनी शांतपणे शेजारच्या पिंपाकडे बोट दाखवलं. "त्याला पन हात लावा, साहेब."

लावला. दुसरा चटका!

"त्यात इंजिन नाय," शेठ म्हणाले. "ऊन हाय."

मुद्दा दुसरा: तेल. मी तेलाची काडी उपसली आणि अत्तर हुंगावं तशी हुंगली. "जळका वास नाही. उत्तम!" नाकाच्या शेंड्यावर मात्र काळा ठिपका उमटला, तो मला संध्याकाळी घरच्या आरशात दिसला. (सव्वीस वर्षांचा संसार, आणि बायको एका शब्दाने बोलली नाही!)

"आता चालवून बघतो," मी म्हणालो.

"साहेब, याचं पेडल जरा…"

"माहीत आहे मला!"

किल्ली फिरवली. ट्रॅक्टर दोनदा खोकला, मग थडथडायला लागला. उजव्या पायाखाली एकच मोठं पेडल. मी तीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस. उजव्या पायाखाली ब्रेकच असणार! सुरक्षा म्हणून मी तो हलकेच दाबला. ट्रॅक्टर चालायला लागला. साहजिकच मी ब्रेक आणखी दाबला. ट्रॅक्टर धावायला लागला. मग मी घाबरून पूर्ण ताकदीने ब्रेकवर उभाच राहिलो!

बाजल्यावर चहा पीत बसलेले चार ट्रकवाले ग्लासांसकट उठून पळाले. मी वजनकाट्यावरून गेलो. काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "ओ, थांबा! वजन होऊ द्या!"

"ब्रेक फेल!" मी बोंबललो.

"पाय काडा! पाय!" शेठ मागे धावत होते.

ट्रॅक्टरवरून उडी मारायला सांगताहेत, असं मला वाटलं. म्हणून मी स्टिअरिंगला मिठी मारली. समोर जुन्या टायरांचा डोंगर आला. ट्रॅक्टरने त्यात तोंड खुपसलं, माझा पाय पेडलवरून घसरला, आणि ट्रॅक्टर अत्यंत सभ्यपणे थांबला. वरून एक टायर आला आणि बरोबर माझ्या गळ्यात पडला.

"ते ब्रेक नाय, साहेब," शेठ धापा टाकत म्हणाले. "दाबला की पुडं जातो, सोडला की थांबतो."

वसुधा जवळ आली. तिने आधी माझे हातपाय तपासले, मग टायर काढला आणि म्हणाली, "उतरा."

तिने ओढणी कमरेला बांधली आणि चढून बसली. मागे वळून बघत एका दमात ट्रॅक्टर टायरांतून बाहेर काढला, यार्डाला फेरी मारली आणि आबांपुढे आणून उभा केला. मी धावत तिच्याजवळ गेलो.

"तुला ट्रॅक्टर येतो?"

"कॉलेजात असताना अख्खं वावर नांगरायची ती," आबा म्हणाले.

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"बघायला आला होतात, तेव्हा 'पुरणपोळी येते का' एवढंच विचारलंत."

आता आबा उठले. पुढचं चाक धरून हलवलं, खाली वाकून पात्यांवरचा पत्रा ठोकला, धुराचा रंग बघितला. दोन मिनिटांत, वहीशिवाय!

"पुडच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, पट्टा बदलाय लागंल, पत्रा सडलाय. पण इंजिन खणखणीत हाय. घ्या."

"एवडा आपटला तरी काय झाला नाय!" शेठनी संधी साधली. "यापेक्षा मोटी टेस्ट कंची, साहेब?"

"ते खरं," आबा म्हणाले. "पर आपटल्याला माल हाय, तवा भाव कमी करा."

माझ्या ड्रायव्हिंगमुळे घरात पैसे वाचले, ते त्या एकाच दिवशी.

आता दर रविवारी प्लॉटवर वसुधा डोळ्यांवर गॉगल चढवून ट्रॅक्टर फिरवते आणि मी मागून पाटी घेऊन कापलेलं गवत गोळा करतो. परवा पलीकडच्या प्लॉटवाल्या बाई कुंपणाशी आल्या. "वहिनी, तुमचा माणूस फार कष्टाळू आहे हो. शनिवारी आमच्याकडे येईल का?"

वसुधाने ट्रॅक्टर थांबवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "विचारून सांगते."

चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडणार होतो. पण आधी मोबाइल काढून शनिवार मोकळा आहे का ते बघितलं.