उधव्याच्या पाइपला दुधाच्या पिशवीचं ठिगळ

तिसरं ठिगळ सुटलं तेव्हा पाण्याची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर आली. मी ओढणीने काचा पुसत होते आणि मागे पाड्यातली लक्षीबाई हसत होती.

“बाय, तुझा डिंक पान्याला भ्याला,” ती म्हणाली.

“डिंक नाही लक्षीबाई, सीलंट.”

“भ्याला तो भ्यालाच.”

उधवा गावाजवळच्या एका डोंगरउतारावर आम्ही उभे होतो. वरच्या झऱ्यापासून खालच्या पाड्यापर्यंत पाणी आणणारा एक काळा पाइप तिथे उघड्यावर पडलेला आहे. त्याला आठ ठिकाणी गळती होती. आठवड्यापूर्वी आमचा फिटर रमण आणि मी, दोघांनी मिळून त्या आठही जागा बुजवल्या होत्या. आज झऱ्याजवळचा कॉक उघडला आणि वरून खाली एकेक ठिगळ तपासत आलो. तीन तर सुटलीच, बाकीची पाच पाझरत होती.

मी केमिस्ट आहे. औषधाच्या दुकानातली नव्हे, डिंक शिजवणारी. तळासरीजवळच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही खोके चिकटवायचा डिंक बनवतो. वीस वर्षांहून जास्त काळ मी तेच करते आहे. पण ज्या पाइपची ही गोष्ट आहे, तो एचडीपीईचा, म्हणजे जाड पॉलिथिनचा असतो. स्वस्त, हलका, गंजत नाही. त्याचा दोष एकच, त्याला काहीही चिकटत नाही. दुकानातले सगळे लांबी-लुगदीचे प्रकार लावून बघा, सुकले की खपलीसारखे निघतात. असा पाइप जोडायचा तर तो वितळवूनच जोडावा लागतो. त्याचं मशीन असतं, पण ते चालवायला वीज लागते आणि डोंगरावर न्यायला रस्ता लागतो. पाड्याला दोन्ही नव्हतं.

पॉलिथिनला चिकटतं ते फक्त वितळलेलं पॉलिथिन. आणि दुधाची पिशवी पॉलिथिनचीच असते. काट्याने काटा काढायचा, एवढीच माझी कल्पना होती. बोर्डीच्या शाळांच्या वसतिगृहांतून आणि चहाच्या टपऱ्यांवरून आम्ही रिकाम्या पिशव्या गोळा केल्या. धुतल्या, कातरल्या, कारखान्यातल्या एका छोट्या भट्टीत वितळवल्या. त्यात राळ घातली, होडीच्या फटी बुजवायला वापरतात तीच, म्हणजे चिकटपणा येतो. थोडी खडूची भुकटी घातली, म्हणजे उन्हात ओघळत नाही. त्याच्या साबणाएवढ्या वड्या पाडल्या. वापरायची रीतही सोपी. पाइप तापवायचा, त्यावर वडी घासायची, वर सुती कापडाची पट्टी गुंडाळायची, पुन्हा वडी घासायची. यात उग्र वासाचं कुठलंही रसायन नाही आणि पिशव्या ओहोळात जाण्याऐवजी पाइपवर जातात.

आमच्या शेठना हे पटायला दोन वर्षं लागली. “बेन, कचऱ्याला कचरा चिकटवून धंदा होते काय?” असं ते दर सोमवारी विचारायचे. त्यांची बोर्डीला चिकूची वाडी आहे, म्हणून मध्ये त्यांनी सुचवलं की राळेऐवजी चिकूचा चीक घाला, घरचाच आहे. मालकाची सूचना म्हणून मी तेही करून बघितलं. तो पाइपपेक्षा माझ्या केसांना जास्त चिकटला. शेवटी लॅबमध्ये भोक पाडलेल्या पाइपवर माझं ठिगळ लावलं, हातपंपाने पाइपमध्ये दाब भरला आणि काटा चोवीस तास हलला नाही, तेव्हा शेठ म्हणाले, “ठीक. एक ठिकाणी खरा लावून दाखवा. टिकला तर बनवू, नाय तर भट्टी बंद.”

ते एक ठिकाण म्हणजे हा पाडा. लक्षीबाईची बहीण आमच्याकडे पॅकिंगला आहे, तिच्याकडून पाइपची हकिगत कळली होती. नवीन पाइपसाठी अर्ज गेलेला होता आणि अर्जाचं जे होतं ते होत होतं.

आता पाड्याचं सांगते, कारण माझ्या भट्टीपेक्षा ते मोठं होतं. भातकापणी आटोपली की इथली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. मुलंबाळं, कोंबड्या, भांडी सगळं ट्रकमध्ये. पाऊस जवळ आला की परत. पण हा पाइप आला तेव्हा पाड्याखालच्या तुकड्यांत वाल, वांगी, मिरची होऊ लागली आणि दोन वर्षं बरीच घरं थांबली. मग डोंगरावरचं गवत पेटलं, वणवा पाइपवरून गेला, आणि उरलेलं काम गुरांच्या खुरांनी केलं. पाणी वाटेतच संपायला लागलं. मागच्या वर्षी सगळा पाडा पुन्हा वीटभट्टीवर गेला. लक्षीबाईची नात दुसरीत होती. परत आली तेव्हा तिला आधीची अक्षरंसुद्धा पुन्हा गिरवावी लागली, हे लक्षीबाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

यंदाचा ट्रक सोमवारी येणार होता. ज्या दिवशी माझ्या चष्म्यावर पाणी उडालं तो शुक्रवार. लक्षीबाईच्या दाराशी भांड्यांची गोणी भरून, तिचं तोंड सुतळीने बांधून ठेवलेलं मी येता येता बघितलं होतं.

“पानी आला तर ऱ्हायचा, नाय तर जायचा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर ही बाई माझ्या शब्दावर थांबली होती.

रमण रानशेतचा आहे, कामाला चोख. तो म्हणाला, “मॅडम, मी काय चुकवलं नाय. तुम्ही कागदावर लिहिलं तसंच केलं. साबणाने धुतला, कोरडा केला, ब्लोलॅम्पच्या जाळाने तापवला.”

“कमी तापला असेल.”

“लॅबमधे तेवढाच तापवतो ना आपण.”

तेही खरं होतं. मी सुटलेली पट्टी हातात घेऊन बघितली. आतल्या बाजूला सीलंट चांगलं एकसंध जमलं होतं. म्हणजे वडीत दोष नव्हता. पण त्याच्या तळाला राखाडी रंगाचा एक पातळ थर चिकटलेला होता. मला वाटलं धूळ असेल. रमणला म्हटलं, “नीट धुतलं नाहीस.” त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो साबणाची वडी घेऊन वर गेला आणि एक जागा त्याने दोनदा धुतली. मी स्वतः तापवली, ठिगळ घातलं, गार होऊ दिलं, कॉक उघडला. पाझरलंच. रमणने माझ्याकडे बघितलं आणि सभ्यपणे नजर वळवली.

दुपार झाली. गळत्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून आम्ही तात्पुरतं पाणी खाली सोडलं. या पट्ट्या उन्हाने थोड्या दिवसांत कुजतात, पण तेवढ्यापुरतं काम भागतं. पाइपबरोबर उतरत पाड्यापाशी पोचलो तर तळाच्या वळणावर एक ठिगळ दिसलं. जाडंभरडं, वेडंवाकडं, पट्टी लाल लुगड्याची. आणि ठणठणीत कोरडं.

मी खाली बसले आणि त्यावर हात फिरवला. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा दाब तळाला सगळ्यात जास्त असतो. सुटायला हवं होतं ते आधी हे.

“रमण, हे तू कधी लावलंस?”

“मी नाय लावला.”

“तो मी लावला,” मागून लक्षीबाई म्हणाली. “तुमाला दिसला नाय तो भोक. तुमी गेले मंग मला दिसला. तुझ्या वड्या व्हत्या ना उरलेल्या.”

“तापवलं कशाने?”

“खापरात इंगळ घेतला.”

झालं, माझ्या डोक्याने लगेच निष्कर्ष काढला. निखाऱ्यांची मंद आच, ब्लोलॅम्पची झटक्याची, फरक तिथे असणार. तासभर खपून आम्ही वरचं एक ठिगळ निखाऱ्यांवर तापवून घातलं. तेही पाझरलं. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेठना फोन लावला तर ते म्हणाले, “बेन, तो चांगला सांधा कापून लॅबमधे आणा, आत काय आहे बघू.”

“शेठ, अख्ख्या लाइनीत एकच सांधा टिकलाय आणि तो मी कापू?”

“नको, नको,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. बहुधा त्यांनाही लाज वाटली असावी.

मग मी जे शुक्रवारी सकाळीच करायला हवं होतं ते केलं. लक्षीबाईला म्हटलं, “तुम्ही कसं लावलंत ते मला एकदा करून दाखवा. सगळं. काही सोडू नका.”

ती घरात गेली आणि भाताच्या तुसाची राख आणि पेंढ्याचा एक बोळा घेऊन आली. बोळा ओला करून राखेत बुडवला आणि पाइप घासायला बसली. जोर असा की पाइप हलायला लागला.

“आधी साबणाने धुवायचं ना,” मी म्हटलं.

“साबन सोमवारच्या गोनीत गेला. आनि करपलेला भांडा साबनाने निघतो का?”

ती घासत राहिली. पेंढ्यातून राखाडी, बुळबुळीत चोथा निघत होता. थोड्या वेळाने तिने पाणी ओतलं, आणि तेवढ्या पट्ट्यात पाइप काळाभोर चमकला. त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र तो राखाडी, निस्तेज होता.

मी कपाळावर हात मारला. ही गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले होते आणि दुसऱ्यांना शिकवलीही होती. पॉलिथिन वर्षानुवर्षं उन्हात पडलं की त्याच्या वरच्या थराची मेलेली कातडी होते. ती नखाने निघत नाही आणि साबणाने धुतली जात नाही, कारण ती घाण नसून पाइपच असतो. वडी त्या कातडीला चिकटते आणि दाब आला की कातडी पाइपला सोडते. माझ्या पट्टीच्या तळाशी होता तो राखाडी थर धुळीचा नव्हताच. तुसाच्या राखेत मात्र बारीक वाळूसारखी खर असते. ती कातडी खरवडून काढते आणि खालचा जिवंत पाइप उघडा पाडते.

लॅबमध्ये हे का कळलं नाही? कारण लॅबमधला पाइप मी डहाणूच्या दुकानातून नवा कोरा आणला होता. त्याला कातडी धरायला उन्हाचा एक दिवससुद्धा मिळाला नव्हता.

रमणची मी तिथेच माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या मॅडम, साबण तरी फुकट गेला नाय, माझे हात स्वच्छ झाले.”

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाड्यातल्या बाया टोपल्यांत राख घेऊन पाइपवर आधीच बसल्या होत्या. आठही जागा त्यांनी वाटून घेतल्या होत्या. मी कॉलर ताठ असलेल्या सुपरवायझरसारखी प्रत्येकीमागे उभी राहून “अजून, अजून” म्हणत होते. एकीने शेवटी बोळा माझ्याच हातात दिला. “तू घास मंग.” मी घासला. पाच मिनिटांत खांदा भरून आला आणि मी “अजून” म्हणायचं सोडून दिलं.

रमणने ठिगळं घातली, दिवसाच्या उजेडात आठही पुरी केली. रविवारी सकाळपर्यंत गार होऊ दिली. मग तो झऱ्यावर चढला आणि आम्ही सगळ्या खाली पाइपच्या तोंडाशी जमलो. आधी हवेचा फुसफुस आवाज आला, मग तांबडं गढूळ पाणी, मग एक मेलेला खेकडा, आणि त्याच्यामागून स्वच्छ पाण्याची मनगटाएवढी धार. मी वर पळत सुटले. माझं वय आणि माझे गुडघे दोन्ही विसरून एकेक ठिगळ हाताने चाचपत गेले. आठही कोरडी होती. वर रमण दगडावर बसून विडी ओढत होता. माझा चेहरा बघून त्याने ती विझवली आणि तोही हसायला लागला. खरं सांगते, इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता.

सोमवारी मला कारखान्यात असायला हवं होतं. मी रजा टाकून पाड्यावर गेले. ट्रक खालच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. दोन घरांचा भरवसा अजून बसला नव्हता, ती चढली. बाकीचं कोणी गेलं नाही. मुकादमाने लक्षीबाईला हाक मारली, “चल गो, उशीर झाला.”

लक्षीबाई वालाच्या वाफ्यात काठ्या रोवत होती. तिने मान वर केली नाही. काठ्यांना आडव्या काटक्या बांधायला तिला दोरी हवी होती. ती उठली, दाराशी गेली, गोणीच्या तोंडाची सुतळी सोडली आणि ती घेऊन परत वाफ्यात आली. भांडी गोणीतून बाहेर डोकावत तशीच राहिली.

शेठनी भट्टी चालू ठेवली. वड्या आता बऱ्याच वाड्यांवर जातात. सोबतच्या कागदावर पहिली ओळ आहे, “पाइप राखेने करपलेल्या भांड्यासारखा घासा.” शेठ ती वाचून म्हणाले होते, “बेन, मग राख पण आपणच विकू काय?” मी सांगितलं, ती सगळ्यांच्या घरात असते, फक्त आपल्या लॅबमध्ये नव्हती.

आता आहे. राखेच्या डब्याशेजारी त्या डोंगरावर टाकून दिलेल्या जुन्या, फुटक्या पाइपचा तुकडाही ठेवलाय आणि प्रत्येक नवी वडी आधी त्याच्यावर लागते. नव्या पाइपवर काहीही टिकतं. पण नव्या पाइपला दुरुस्ती लागत नाही.