अठ्ठावीस चौरस मीटर

आमच्या टोळीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. तो टाइल्स बसवतो. एखाद्या सांध्यात केसाएवढा फरक दिसला की हा अख्खी ओळ उपटून पुन्हा बसवणार, आणि तोवर मी रंगाचा डबा घेऊन दारात उभा. मी रंगारी. त्याचं संपल्याशिवाय माझं सुरू होत नाही, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य त्याच्या मिलिमीटरांची वाट बघण्यात गेलं, हे मी शपथेवर सांगेन.

त्याची बायको आणि मुलगी तिकडे मायदेशी, गावी होत्या. त्यांना इकडे आणायचं तर काय काय लागतं, हे त्याला तोंडपाठ होतं. चार वर्षं सलग काम. मध्ये महिनाभर जरी या देशाबाहेर गेलं तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. बारा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. लग्नाचा दाखला, त्यावर तीन कचेऱ्यांचे शिक्के. आणि आपल्या नावावर भाड्याचं घर, तिघांसाठी कमीत कमी अठ्ठावीस चौरस मीटर. हे सगळं मुलीला अठरा पूर्ण व्हायच्या आत मंजूर व्हायला हवं. अठराव्या वाढदिवसापासून ती सरकारच्या लेखी कोणाची मुलगी राहत नाही. मग तिने आपला स्वतंत्र अर्ज करायचा, आणि तसा अर्ज मंजूर झालेला माणूस आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही.

त्या पहिल्या नियमापायी हा चार वर्षं घरी गेला नाही. सासरे गेले तेव्हाही फोन कानाला लावून बाथरूममध्ये रडला आणि तासाभराने कामावर आला.

चार वर्षं भरली तसं त्याने घर शोधलं. तळमजला, दोन खोल्या, मागे लाँड्री. किल्ली हातात यायच्या आधीच टेप लावून मोजून घेतलं. अठ्ठावीस पॉइंट चार! मला कडकडून मिठी मारली. माझ्या अंगावर ओला रंग होता, त्याचंही भान त्याला राहिलं नाही.

पण भिंतींना ओल होती आणि वहिनींना दमा. झालं, हा लागला कामाला. मुकादमाला विचारून साइटवरच्या उरल्यासुरल्या टाइल्स आणल्या आणि सहा रविवार खपून दोन्ही खोल्यांच्या चारही भिंतींना छातीपर्यंत बसवल्या. निळ्या, पांढऱ्या, बदामी, जी मिळेल ती. रंगांचा मेळ नव्हता, पण सांधे असे, की बोट फिरवत राहावं. मागच्या खोलीत टाइल्सच्या वरच्या ओळीत त्याने एक आरसा बसवला. मुलीला वेणी घालायला.

"फार खाली झाला रे," मी म्हणालो.

"माप घेऊन लावलाय. घरी चौकटीवर तिच्या उंचीची खूण केलेली, ती वहीत लिहून आणलीय. तू तुझा ब्रश बघ."

मापाच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायचा नाही, हा टोळीचा नियम. मी ब्रश उचलला.

मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला एकोणीस दिवस असताना घर मोजायला कचेरीतला माणूस आला. पोरगेलासाच, पण बोलणं मोजकं. लेझरची डबी त्याने जमिनीलगत भिंतीला टेकवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि आकडा वाचला. सत्तावीस पॉइंट सहा पाच.

"मशीन बिघडलंय तुमचं," मिलिमीटर म्हणाला आणि त्याने स्वतःची टेप काढली. टेपनेही तेच सांगितलं. मग तो पालथ्या बादलीवर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. टाइल आणि तिच्या खालचा सिमेंटचा मसाला धरून प्रत्येक भिंत अडीच सेंटिमीटर आत आली होती. गिऱ्हाइकांना हाच बाबा रोज बजावतो, "टाइल बसली की खोली आत येते, आधी दाराचं माप बघा." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साठ बाय साठच्या एका टाइलएवढी जागा कमी पडत होती.

"माप भिंतीच्या आतून धरतात," तो माणूस म्हणाला. "दहा दिवसांनी पुन्हा येईन. तेव्हा कमी भरलं तर फाईल बंद."

तो गेल्यावर मी छन्नी-हातोडा आणला. म्हटलं, दोन्ही खोल्यांच्या टाइल्स उपटू, कटकट मिटेल. मिलिमीटरने कागदावर हिशेब मांडला. "पुढची खोली काढली की अठ्ठावीस पॉइंट शून्य दोन होतात. पुरे."

"शून्य दोन? तळहाताएवढी जागा ती! तेवढ्यावर पोरीचं आयुष्य लावतोस?"

"मागच्या खोलीला हात लावायचा नाही."

"डोकं फिरलंय तुझं. पोरगी हवी की आरसा?"

त्याने हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला. मला इतका राग आला होता, की तो माझा धाकटा भाऊ असता तर थोबाडीत दिली असती. पण छन्नी मीही उचलली, कारण दिवस दहाच होते. आणि खरी गंमत पुढेच. "माझी टाइल माझ्या आधी हलणार नाही," अशी बढाई हा गेली कित्येक वर्षं मारायचा, आणि ती खरी निघाली. एक टाइल सुटेल तर शपथ. तळहातांना फोड आले, हातोड्याचा दांडा मोडला. तो स्वतःच्याच कामाला शिव्या घालत होता आणि मध्येच थांबून, "बघ, कशी धरलीय!" असंही म्हणत होता. शेवटी जुन्या भिंतीवरचा मसाल्याचा एकेक थर त्याने पत्र्याने खरवडून काढला.

दहाव्या दिवशी डबी पुन्हा भिंतीला टेकली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, मला बघवेना. आतून आकडा ऐकू आला. अठ्ठावीस पॉइंट शून्य दोन.

मंजुरी आली तेव्हा वाढदिवसाला चार दिवस होते.

महिन्याभराने दोघी आल्या. बॅगा उचलायला मी बरोबर होतो. वहिनींनी पुढच्या खोलीची उघडी, खरवडलेली भिंत पाहिली. "अहो, लोकांची घरं सजवता आणि आपलंच अर्धवट?"

"काम चालू आहे," तो म्हणाला.

मुलगी मागच्या खोलीत गेली आणि आरशासमोर उभी राहिली. आरशात तिच्या कुडत्याचा गळा दिसत होता, त्याच्या वर काही नाही. ती गुडघे वाकवून खाली झाली, स्वतःचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "छान आहे, बाबा."

मिलिमीटर दारातच थबकला होता. एकदा आरशाकडे बघे, एकदा तिच्याकडे. "फोनवर नुसता चेहरा दिसायचा गं," तो म्हणाला.

मग सवयीने त्याचा हात खिशात गेला. "सरळ उभी राहा." त्याने टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरली, आकडा वाचला, पुन्हा वाचला. एकशे बासष्ट. वहीत एकशे त्रेचाळीस होते.

"उद्या काढतो हा आरसा. वर बसवतो," तो म्हणाला.

"राहू द्या. तुमची टाइल निघत नाही, तुम्हीच फोनवर सांगायचात."

वहिनी हसल्या, मीही हसलो. तो मात्र पालथ्या बादलीवर बसला आणि टेप हातात तशीच धरून पोरासारखा रडला. केसाएवढ्या फरकासाठी अख्खी ओळ उपटणाऱ्या माणसाचे एकोणीस सेंटिमीटर हुकले होते, आणि ते काही उपटून पुन्हा बसवता येणार नव्हते.